गायरानाचं पिवळं गवत

१२ डिसेंबर

ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, आपलं गायरान सरकारी कागदावर 'पडीक' आहे. ज्या माळावर गावाची जनावरं पावसाळाभर चरतात, ज्याचं गवत कापून आपण उन्हाळ्यासाठी गंजी रचतो, तो माळ म्हणे पडीक. आणि पडीक आहे म्हणून तो पर्यटनवाल्या कंपनीच्या घशात घालायचा.

हे मी ग्रामसभेत गरजून सांगणार होते. आता या वहीला सांगते आहे. निमगाव साव्याच्या भाषणात आवाज फाटला, तो परत आलाच नाही. आज नारायणगावच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठी. "ताई, जानेवारी संपेपर्यंत एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही. नाहीतर हा आवाज विसरा."

माळ द्यायचा की नाही ते ठरवणारी ग्रामसभा सव्वीस जानेवारीला आहे.

१३ डिसेंबर

लेकीची, हर्षालीची लहानपणची पाटी माळ्यावरून काढली. आता माझी जीभ म्हणजे ही पाटी. दादाभाऊ कारखान्यावरून आले, पाटी बघितली आणि म्हणाले, "लगीन झाल्यापास्नं बावीस वर्सं मला बोलू दिलं न्हाई. आता जरा माझं ऐक."

मग बराच वेळ त्यांना काही सुचलंच नाही.

१५ डिसेंबर

पंचायतीत कंपनीची काचपेटी आली आहे. आत आपला माळ — बंगले, पोहण्याचा तलाव, खाली येडगाव धरणाचं निळं पाणी आणि सगळीकडे एकसारखी हिरवी प्लास्टिकची हिरवळ. लोक काचेला नाक लावून बघत होते. बायका पोरांना उचलून दाखवत होत्या.

मी पाटीवर लिहिलं, 'यात आपलं गवत कुठे आहे?' सरपंच चांगदेव हसला. "हे काय, हिरवंगार हाय की, नूतनताई. तुमच्या गवतापेक्षा झ्याक." सगळे हसले. माझीच माणसंसुद्धा.

भाषणाला भाषणानं उत्तर देता येतं. या काचपेटीला कशानं देणार?

१६ डिसेंबर

प्रतिकृतीला प्रतिकृतीनंच. ठरलं!

१८ डिसेंबर

हर्षाली पुण्यात आर्किटेक्चर शिकते. तिच्याशी व्हिडिओ कॉल — ती बोलते, मी पाटी धरते. "आई, एक मीटर म्हणजे एक सेंटिमीटर धर. गाय दीड सेंटिमीटरची होईल. खालचा चढउतार थर्माकोलचा कर, वर कागदाचा लगदा आणि फेविकॉल. माती तिथलीच चाळून टाक. अवघड काय आहे सांगू? गवत. विकतचं परवडणार नाही, आणि वाईट लावलं की सगळंच खेळण्यासारखं दिसतं."

माळाचा मधला पट्टा घ्यायचा. झरा, पाणवठा आणि त्याच्या वरचा उतार. पडवीत जुना दरवाजा आडवा टाकला आहे. तोच पाया.

२१ डिसेंबर

माती बसली. त्यावर अळीव पेरले. दुसरं सुचलंच नाही! दिवाळीच्या किल्ल्यावर आपण दुसरं काय पेरतो? रोज सकाळी हातानं पाणी शिंपडते.

२६ डिसेंबर

उगवले. पहिल्यांदा हरखले, मग फूटपट्टी लावली. चार सेंटिमीटर, म्हणजे चार मीटर. गाय त्यात दिसेचना. माळ कसला, उसाचा फड झाला. पाणी लगद्यात मुरून उतार खचला आणि कडेला पांढरी बुरशी आली. सगळं उपटलं. हातात भिजका लगदा आणि तोंडात एकही शिवी काढता येईना.

२ जानेवारी

दुसरा प्रयत्न. वखारीतला भुसा चाळून हिरव्या रंगात कालवला, फेविकॉलवर पसरला, सुकवला. सुरेख दिसतो. चुलतसासूबाई ठकूबाई आल्या होत्या. त्यांच्या तीन गाई गायरानावरच असतात. त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे मला त्यांच्याशी काही म्हणजे काहीच बोलता येत नाही. नुसतं ऐकायचं. "लई झ्याक केलंस गं. अगदी दिवाळीचा किल्ला."

कौतुक होतं. पण लागलं.

संध्याकाळी सोपान आला. माझ्या प्रत्येक सभेला माईक लावणारा सोपान — 'सोपान साऊंड'. मी बोलत नाही तर त्याला चैन नाही. हिरव्या माळाकडे बघून त्याचे डोळे चमकले. "ताई, चोवीस तारखेला तहसीलचे साहेब पाहणीला येनार. त्यांनी आधी हे बघितलं पायजे. म्हंजे पडीक कोन म्हनतंय ते बघू." मग गाडीत स्पीकरचे डबे भरून लग्नाच्या ऑर्डरीवर गेला. पंधरा दिवस आता मंचरकडेच.

५ जानेवारी

गवताची उंची मोजायला गायरानावर गेले. कंपनीनं फलक लावला आहे आणि फलक राखायला भिकाला बसवला आहे. वरच्या डोंगरातला माणूस, नाचणी आणि भाताचं थोडंसं रान, बाकी असली कामं. मी फूटपट्टी घेऊन गवतात शिरलेली बघून म्हणाला, "बाई, ब्लाऊज शिवनार का डोंगराला?" हसू आवरलं. हसायचीही बंदी आहे.

तिथं उभी राहिले तेव्हा दिसलं. माळ हिरवा नाही. कुठंच नाही. जानेवारीचा माळ पिवळा असतो — उसाच्या पाचटासारखा, कुठं तांबूस, झऱ्याकाठी तेवढी हिरवी रेघ. मारवेल गुडघ्याएवढी, कुसळी त्याहून उंच. घरी आले तेव्हा साडीच्या काठाला कुसळं चिकटली होती. तो काठ भुशाच्या हिरवळीवर पसरला आणि बघत बसले. मी तर कंपनीचीच काचपेटी बनवली होती. फक्त काच नव्हती.

६ जानेवारी

दादाभाऊ म्हणतात, हिरवंच राहू दे. "साहेब लोकांना पिवळं म्हंजे वाळलेलं, अन् वाळलेलं म्हंजे मेलेलं. तू सोताच पडीक म्हनून लिहून देशील."

पाटी भरून लिहिलं: 'पिवळं गवत मेलेलं नसतं. पिवळं गवत म्हणजे साठवलेला पावसाळा. खोटं हिरवं दाखवून खरं गायरान वाचवायचं नाही मला.'

त्यांनी पाटी वाचली आणि पुसली. "पाटीवरबी भाषणच करती," म्हणाले आणि जेवायला बसले. पण भुसा खरवडायला त्यांनीच पत्र्याची पट्टी दिली.

९ जानेवारी

हर्षालीनं युक्ती सांगितली. तागाचे धागे बारीक कापायचे. डास मारायच्या रॅकेटला चहाची गाळणी जोडायची — एक तार गाळणीला, दुसरी खिळ्याला, खिळा ओल्या फेविकॉलमध्ये रोवायचा. गाळणीत धागे भरून बटण दाबून हलवलं की विजेच्या ओढीनं धागे उभे राहतात. धान्याची जुनी गोणपाटं घरात होतीच. गाळणी स्वयंपाकघरातली. रॅकेट तेवढं नवं आणलं.

दादाभाऊ कारखान्यात फिटर आहेत. त्यांनी तारा जोडल्या आणि बजावलं, "बटन दाबल्यावर गाळनीला हात लावू नको."

लावला. असा झटका बसला की आख्खी भाषा घशाशी आली आणि तिथंच गिळली! दादाभाऊ पोट धरून हसले. मी त्यांच्या पाठीत पाटी घातली.

१२ जानेवारी

धागे आडवेच पडतात. सकाळी दव असतं, ताग ओला होऊन त्याचे गोळे होतात. दुपारी उन्हात सुपात वाळवले, अर्धा सेंटिमीटरचे वेगळे, एक सेंटिमीटरचे वेगळे. फेविकॉल थोडा पातळ केला. गाळणी जवळ धरली, हळू हलवली.

उभं राहिलं. खालून वर, एकेक करत, वारा पडल्यावर गवत सरळ होतं तसं. रंग द्यावा लागलाच नाही. ताग मुळातच जानेवारीच्या रंगाचा.

 

१५ जानेवारी

संक्रांत झाली. उंच कुसळीसाठी रंगाच्या जुन्या ब्रशाचे केस झुबक्यानं लावले. उभं राहून बघितलं की सगळं सारखं दिसतं, म्हणून काही जागी बोटानं दाबलं — गाई बसून उठतात तिथं. पायवाट उघडी ठेवली. झऱ्याकाठी तेवढा हिरवा भुसा.

ठकूबाई आल्या. या वेळी झ्याक म्हणाल्या नाहीत. खाली वाकल्या, दाबलेल्या जागेवर बोट ठेवलं. "हितं माझी कपिला बसती."

मला दुसरा पुरावा नको.

१७ जानेवारी

गायरान जळालं.

दुपारी धूर दिसला. सगळं गाव धावलं. ओल्या गोणपाटांनी, निरगुडीच्या फांद्यांनी झोडलं. पण वारा पाण्याकडून वर चढत होता. झऱ्याच्या वरचा सगळा उतार गेला. मी ओरडू शकले नाही. आयुष्यात पहिल्यांदा खरंच ओरडायची गरज होती, तेव्हा.

ठकूबाई राखेत बसून होत्या. गाई सुखरूप आहेत.

१८ जानेवारी

गाव एकमुखानं बोलतंय — कंपनीनं जाळलं. साहेब यायच्या आधी माळ काळा करायचा, म्हणजे पडीकच दिसेल. मलाही तेच वाटतं. दुसरं कुणाला कशाला जाळायचं असेल?

१९ जानेवारी

भिकाला मारलं. राखणीला होता, खिशात काडीपेटी सापडली म्हणून. अरे, बिडी ओढतो तो! डोक्याला टाके पडले आहेत. उलट त्याच्यावरच तक्रार द्यायची चालली आहे. माझ्याच बाजूची पोरं अभिमानानं सांगायला आली: "ताई, आता सभा आपलीच. तुमी बोलायचीबी गरज न्हाई."

२१ जानेवारी

सोपान आला. पडवीत प्रतिकृतीसमोर थिजून उभा राहिला. "ताई, हे पिवळं कधी केलं?"

मी पाटीवर तारीख लिहिली. तो खालीच बसला.

"मला वाटलं हिरवंच दाखवायचंय. म्हनलं साहेब हिकडं हिरवं बघतील अन् तिकडं माळ वाळलेला. जाळलं की आठ दिसांत हिरवे कोंब फुटतात. माझा बाप दर साली जाळायचा. रस्त्याकडची एकच पट्टी पेटवली व्हती. वारं फिरलं, ताई."

मी लिहिलं, 'कुणाला सांगितलंस?'

"कुनाला न्हाई. सगळी म्हनत्यात कंपनीनं केलं." मग माझ्याकडे न बघता, "तसंच म्हनू द्या की. गायरान तर वाचंल."

 हातातली पेन्सिल मोडली.

२२ जानेवारी

दादाभाऊंना सांगितलं, लिहून. त्यांनी दोनदा वाचलं. "गप ऱ्हा. तुला तर डॉक्टरनंच गप राहायला सांगितलंय."

हीच तर गोम आहे. आजवर माझं मौन औषध होतं. आता ते खोटी साक्ष आहे. मी काहीच केलं नाही तरी सभा जिंकते — भिकाच्या डोक्यावरचे टाके मोजून. आणि सांगितलं तर चांगदेव उद्या म्हणेल, यांचीच माणसं जाळतात, यांना कशाला पाहिजे माळ? शिवाय सोपान. वीस वर्षं माझ्यासाठी माईक लावणारा सोपान.

अन्यायाविरुद्ध मी शेकडो सभांमध्ये बोलले आहे. तो अन्याय नेहमी दुसऱ्याच्या अंगणात होता.

२४ जानेवारी

साहेब आले. काळ्या माळावर उभे राहून त्यांनी लिहून घेतलं — 'वनस्पती आढळली नाही.' प्रतिकृती दाखवली. "छान छंद आहे, ताई," म्हणाले. गाडीत बसले.

दुपारी भिकाकडे गेले. पट्टीखालून एक डोळा उघडून म्हणाला, "बाई, डोंगराला आता काळा ब्लाऊज शिवा." त्याची बायको दारात उभी होती. तिनं मला आत बोलावलं नाही.

२५ जानेवारी

सोपानला बोलावलं. पाटीवर लिहिलं, 'उद्या सभेला माईक लाव.' त्यानं वाचलं आणि तो समजला. "माझं नाव घेनार का, ताई?" 'ते तू ठरव,' लिहिलं. तो बराच वेळ गवताच्या एका धाग्याला बोटानं उभं करत बसला.

"हिरवं चांगलं दिसत व्हतं," एवढंच म्हणाला. "पन हे खरं हाय."

२६ जानेवारी

पहाटे गायरानाची राख चाळून प्रतिकृतीचा वरचा उतार काळा केला. माळ आज आहे तसा. सोपान समाजमंदिरात वायर ओढतोय. आवाज उरला तर उरेल. वाक्यं एवढीच:

ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, गायरान भिकानं जाळलं नाही. कंपनीनंही नाही. ते माझ्या बाजूच्या माणसानं जाळलं, मी बनवलेला खोटा हिरवा माळ बघून. तरीही तो माळ पडीक नाही, आणि त्याचा पुरावा तुमच्या घराघरात रचून ठेवला आहे. हात वर करायच्या आधी घरी जा. आपापल्या गंजीतली गायरानाच्या गवताची एक पेंढी घेऊन या, आणि इथं सभेपुढं ठेवा.