हेडलीकाकानं दोर कापले नाहीत

प्रिय बाबा,

फोन केला की तुम्ही आपटता, म्हणून कागद घेतला. आता मुकाट्यानं शेवटपर्यंत ऐका, शिव्या नंतर घाला.

तुमच्या खेकड्यांच्या सापळ्यांचे दोर हेडलीकाकानं कापले नाहीत. ते हिमनगानं तोडले, आणि तो हिमनग मी कामाला आहे त्या तेलकंपनीच्या बोटीनंच तिकडं ओढून नेला होता.

इथं समुद्राच्या तळात तेलाचा पाइप पुरलाय. हिमनगाचं बूड चिखलात रुतलं की नांगरासारखा चर पाडत जातं, आणि खालची माती अशी रेटली जाते की न शिवताही पाइप वाकतो. म्हणून आम्ही त्याच्या कमरेला दोर टाकून त्याला बाजूला ओढतो. त्या दिवशी ओढला तो थेट तुमच्या खेकड्यांच्या जागेवर. सापळ्यांवर तरंगणारे निळ्या पट्ट्याचे आपले बोये एकामागून एक पाण्याखाली गेले. मी बोंबललो, "अहो, माझ्या बापाचे सापळे आहेत तिथं!" कप्तान म्हणतो कसा, "मग बापाला सांग, सापळे उचलता येतात, पाइप नाही." डोकं असं फिरलं की हातातला मग चहासकट समुद्रात भिरकावला.

पण त्याच्यापेक्षा तुमचा राग जास्त येतो. तो परका आहे. तुम्ही मात्र ज्याच्याबरोबर जन्मभर कॉड मासा खारवला त्याला भर धक्क्यावर चोर म्हणालात. काकाची रोवीना फोनवर रडत होती, "बाबा समजूत घालायला गेले, तर तुझ्या बाबांनी त्यांना बाहेर काढलं. म्हणाले, यापुढं दार वाजवून यायचं." आपल्या गावात दार कोण वाजवतं हो? पाद्री नवा असला तर तो, नाहीतर पोलीस. आणि वर म्हणता, चोराच्या पोरीशी लग्न केलंस तर मी चर्चमध्ये पाऊल ठेवणार नाही. नका ठेवू! पण कारण तरी खरं शोधा.

आई गेल्यापासून माझी पत्रं तुम्हाला कोण वाचून दाखवतं? तुम्हाला वाचता येत नाही, आणि माझं अक्षर काकाशिवाय कुणाला लागत नाही. म्हणून पाकिटावर हेडलीकाकाचं नाव घातलंय, आणि मागं लिहिलंय, दार न वाजवता आत शिरा. हे सगळं तुम्ही त्याच्याच तोंडून ऐकताय. काका, थांबू नका, चष्मा नंतर पुसा. आणि बाबा, त्याला अजून उभंच ठेवलं असेल तर आधी खुर्ची द्या.

तुमचाच, तुमच्याइतकाच तापट,
लेस्टर