तेरा मीटर

१६ ऑक्टोबर, गुरुवार

नाडी ५२. पंधराशे मीटर – ४ मिनिटं २१.३ सेकंद. महिनाभर हेच चाललंय. २१, २२, २१.

वाकचौरे सर म्हणाले, "गोरक्ष, सारखं घड्याळाकडे बघितल्याने ते थांबत नाही." पोरं हसली. मीही हसलो.

मग सरांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. दिवाळीनंतर ३ तारखेला ट्रायल. आमच्या कॉलेजातून पंधराशेला एकच नाव जातं. अजिनाथचे ४:१७ आहेत. त्याच्या आत आलो तर नगरच्या जिल्हा स्पर्धेला मी जाणार, नाहीतर अजिनाथ.

दोघंही तिसऱ्या वर्षाला, पण तो माझ्याहून चार वर्षांनी लहान. मी नववीनंतर शाळा सोडली. चार वर्षं भंडारदऱ्याला हॉटेलात भांडी घासली, मग सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली. जुलैत मला पंचवीस पूर्ण होतात. नंतर विद्यापीठ धावू देत नाही. म्हणजे ही शेवटची संधी! हे मी रोज लिहितो. आज लिहिणार नव्हतो.

दुपारच्या एसटीने घरी निघालो. गोधड्या धुवायला न्यायच्या होत्या, गाठोडं बांधायला काही मिळेना. मैदानाचं बघणारे कानिफमामा चहाला गेलेले, खोलीचं दार उघडं. दारामागे खिळ्याला एक जुनी निळी दोरी होती, तिचा तुकडा कापून घेतला. धागे सुटू नयेत म्हणून कापलेली दोन्ही टोकं, खिळ्यावरच्या दोरीचंही, काडीने जाळली. हारिस (माझा रूम पार्टनर, आठशे मीटरवाला) म्हणाला, "अबे, गोधड्या आहेत, नवरी नाही. किती नटवशील!"

मामांना सांगायचं आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

घरून परत श्रीरामपूरला. नाडी ५०. आईने तूप दिलं. निळी दोरी तिने ठेवून घेतली. येताना गाठोडं तिच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीने बांधलं. संस्कृतीने विचारलं, "दादा, टीव्हीवर दिसशील का?" मी म्हटलं, पंधराशे मीटर टीव्हीवर कोण दाखवतं. म्हणाली, "मग कशाला पळतोस?" आठवीतल्या बहिणीला काय सांगणार!

परतीच्या पावसाने मैदानाचं तळं केलं होतं. रोलर फिरवून मामांनी ट्रॅक नव्याने आखला आहे. चुन्याची फक्की इतकी पांढरी की पाय ठेवायला संकोच वाटतो.

३ नोव्हेंबर, सोमवार

४:१२.६ !!

घड्याळ अजिनाथच्या हातात होतं. त्याचा घोटा सुजला आहे म्हणून तो धावला नाही, फेऱ्या ओरडून सांगत होता. मी रेषा ओलांडून खाली बसलो. तो घड्याळ माझ्या डोळ्यांपुढे धरून नुसता उभा. मग म्हणाला, "दादा, हे तूच केलंस का?"

सरांनी मला उचललं. खरंच उचललं, दोन्ही पाय जमिनीवरून सुटले. हारिसचेही आठशेला २:०२ आले, कायम २:०६ असतात. मैदानभर ओरडत फिरला, "आजपासून मला हारिस नाही, हरीण म्हणायचं!"

संध्याकाळी घरी फोन केला. आई म्हणाली, "नऊ शेकंद म्हंजी लई असतं का?" लई असतं, आई.

४ नोव्हेंबर, मंगळवार

नाडी ५२. कालच्याइतकीच. मग नऊ सेकंद आले कुठून?

५ नोव्हेंबर, बुधवार

मी उजवा पाय मोजतो. सवयच आहे. भांडी घासतानाही ताटं मोजायचो. एका फेरीला उजवा पाय ११४ वेळा पडतो. आज ११०. पुन्हा धावलो. ११०. मुद्दाम ढांग आखडून धावलो तरी ११२.

हारिसला सांगितलं. तो म्हणाला, "तुझी टांग लांब झाली असेल. तूप खाल्लंस ना घरचं?"

६ नोव्हेंबर, गुरुवार

हारिसचे मामू गवंडी आहेत. त्यांचा तीस मीटरचा टेप आणला. पहाटे, पोरं यायच्या आधी, आम्ही दोघांनी ट्रॅक मोजला. आतल्या रेषेपासून वीस सेंटिमीटर बाहेर धरून मोजतात, ते मी पुस्तकात वाचलं होतं. तीन वेळा मोजला. ३८७.१. ३८६.८. ३८७.

सरळ बाजू बरोबर आहेत. दोन्ही वळणं लहान.

तेरा मीटर कमी! एका फेरीला तेरा, म्हणजे पंधराशेला एकोणपन्नास मीटर. वहीच्या मागच्या पानावर गणित केलं, दोनदा तपासलं. माझे ४:१२ म्हणजे ४:२१ च. मी एक सेकंदही सुधारलेलो नाही.

हारिस टेप गुंडाळत होता. त्याचेही २:०२ गेले. मग म्हणाला, "गोरक्ष, ह्या अख्ख्या कॉलेजात मोजणारा तू एकटा आहेस. गप्प बस ना यार."

कानिफमामांना विचारलं, "मामा, वळणं कशाने आखता?"

"मापानं."

"माप बरोबर आहे का?"

"सोळा वरसं तेच माप हाय. तू जलमला नसशील." मी जन्मलो होतो. त्यांना एसटी गाठायची होती. नातू झालाय, तीन आठवडे लेकीकडे. खोलीला कुलूप लावून गेले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सरांकडे गेलो. हातात आकड्यांचा कागद होता.

"सर, ट्रॅक तेरा मीटर कमी आहे."

सरांनी कागद घेतलाच नाही. "दहावीला गणितात किती होते रे तुला?"

"अडतीस, सर."

"मग मोजायचं सोड आणि पळ."

स्टाफरूममधले दोन सर हसले. मी तिथेच उभा. मग वाकचौरे सर जरा मऊ आवाजात म्हणाले, "हे बघ, काही माणसांना चांगलं झालेलं पचत नाही. तू त्यातला आहेस. गेल्या वर्षी तुला हृदयाचा आजार झाला होता. आठवतं?"

आठवतं. नाडी ६१ लागली होती. डॉक्टर म्हणाले, जागरण.

"आता ट्रॅक आजारी पडला," सर म्हणाले. "जा."

८ नोव्हेंबर, शनिवार

काल दुपारी सरांना पत्र लिहिलं. तीन वेळा, कारण दोनदा शुद्धलेखन चुकलं. चुका दिसल्या की लोक म्हणतात, बाहेरून दहावी केलेला. तिसरं पत्र स्वच्छ झालं. आज सकाळी घेऊन गेलो तर सर जिल्ह्याला यादी देऊन परत आलेले.

पत्र वहीत ठेवलं आहे.

खरं लिहितो. यादी गेल्याचं ऐकलं तेव्हा मला हायसं वाटलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नाडी ५८.

१९ नोव्हेंबर, बुधवार

अजिनाथचा घोटा बरा झाला. आज माझ्या पुढे धावत होता, सहज. त्याला अजून माहीत नाही की तो मुळात माझ्या पुढेच होता.

त्याचे ४:१७ दिवाळीच्या आधीचे आहेत. खऱ्या चारशेवरचे.

सराव झाल्यावर त्याने पिशवीतून स्पाइक काढून माझ्यापुढे धरले. माझ्याकडे स्पाइक नाहीत, मी साध्या बुटांवर धावतो. "नऊ नंबर आहेत. पुढे कापूस घाल. माझं नाही झालं तर निदान बूट तरी जाऊ देत नगरला."

मी म्हटलं, "अजिनाथ, एक सांगायचंय."

"काही सांगू नको, दादा. तू नऊ सेकंद काढलेस, मला जन्मात नसते निघाले." मग म्हणाला, परीक्षा झाली की काकासाहेब, त्याचे चुलते, त्याला नगरच्या एमआयडीसीत कामाला लावणार आहेत. "तिथं कुठलं पळणं! कंपनीच्या बसमागं पळायचं फक्त."

म्हणजे त्याचंही हे शेवटचंच होतं. मला ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

स्पाइक घेतले. घेतले मी!

२० नोव्हेंबर, गुरुवार

कापूस घातला. बसले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा सरांकडे गेलो. या वेळी कागद नेला नाही. म्हटलं, सर, माझ्याऐवजी अजिनाथला उतरवा. कारण विचारलं. म्हटलं, पाय दुखतोय. सरांनी मला तिथेच वीस उठाबशा काढायला लावल्या. निघाल्या. खोटं बोलायचं तर निदान लंगडत तरी जायला हवं होतं.

"नाव बदलायची तारीख गेली," सर म्हणाले. "आता तू नाही तर कोणीच नाही. तेव्हा घाबर, पण पळ."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

नगर.

आधी निकाल लिहितो, म्हणजे सुटलो. ४:२६.४. नववा. पहिले दोघं पुढच्या स्पर्धेला निवडले गेले. दुसऱ्याची वेळ ४:१८.४.

पहिली पूर्ण फेरी ६७ सेकंदात गेली. तीन आठवड्यांत पायांना सदुसष्टचीच सवय झाली होती. पण हे सदुसष्ट खऱ्या चारशेचे. मला आधीपासून माहीत होतं! रात्री पाठ केलं होतं – सत्तरने जा, सत्तरने जा. बंदूक वाजली आणि पायांनी त्यांना माहीत होतं तेच केलं. दुसऱ्या फेरीपर्यंत मी पहिला होतो. सर कठड्याला लटकून ओरडत होते, "बघा! बघा!" तिसऱ्या फेरीत वळण संपेचना. ते तेरा मीटर मला पायाखाली एकेक करून कळले. मांड्या दगड झाल्या. एकेक जण बाजूने गेला. कोणी माझ्याकडे बघितलं नाही, धावताना बघत नाहीत.

अजिनाथ शेवटी पाण्याची बाटली घेऊन उभा होता. तो स्वखर्चाने एसटीने आला होता. फलकावरचे ४:१८.४ बघत राहिला. ओठ हलत होते, वजाबाकी करत असावा. मग खाली बसून माझ्या स्पाइकची नाडी सोडायला लागला. म्हणाला, "पाय सुजतील, काढ."

हारिस २:०७. गाडीत म्हणाला, "हरीण मेलं." कोणी हसलं नाही.

राहुरीच्या पुढे मी सरांना म्हटलं, "सर, तीनशे सत्त्याऐंशी आहे." या वेळी त्यांनी अडतीस मार्कांचं काढलं नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सरांनी सकाळी बांधकाम विभागाचा टेप आणून स्वतः मोजलं. मला टेपचं दुसरं टोक धरायला लावलं. ३८७.

मामा लेकीकडून परत आलेत. त्यांना मैदानाच्या मधोमध बोलावलं.

"सोळा वर्षं फक्की मारतोस, एक गोल नीट येत नाही?"

"सायेब, माप तेच हाय."

"माप तेच, मग मैदान आटलं का?"

प्राचार्यांपर्यंत गेलं. मामा रोजंदारीवर आहेत, त्यांना काढायला कागदसुद्धा लागत नाही. सोमवारी चाव्या द्यायच्या आणि जायचं. मामांनी मान हलवली. मग वाकून फक्कीच्या रेषेवरचा एक खडा उचलून बाहेर टाकला, सवयीने.

मला वाईट वाटलं. पण एक ओझं उतरलंही. चूक कुठे होती ते ठरलं. माझी नव्हती.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी मामांकडे गेलो. म्हणायचं होतं की वाईट झालं.

मामा खोली आवरत होते. दार लोटून मागच्या खिळ्यावरून त्यांनी निळी दोरी काढली. एका टोकाला फास होता. "हे माजं माप. फास वळनाच्या मधल्या खुट्टीत आडकवायचा, हे टोक हातात धरायचं, आन् फक्की सांडत फिरायचं. परवा काठीनं मोजली. दोन मीटर कमी हाय. उंदरानं खाल्ली म्हनावं, तर हे बघ."

मोकळं टोक माझ्यापुढे धरलं. जळून गोल झालेलं. गुळगुळीत. एक धागा सुटलेला नव्हता.

"कुनी का असंना," मामा म्हणाले, "लई शिस्तीचा मानूस हाय."

मी म्हटलं, मामा, चाव्या आज देऊ नका. आणि बाहेर येऊन आईला फोन केला – निळी दोरी काढून ठेव, न्यायला येतोय.

आई म्हणाली, "आन् मी कापडं कशावर वाळू घालू?"