नाल्यापलीकडचं जेवण

बाबा, काल वाचनालयात मला सैनिकांच्या पुस्तकांवर बोलायला उभं केलं होतं. बोलून झाल्यावर मागच्या बाकावरून एकानं विचारलं, की बाई, तुमचे वडील फौजेत होते, ते लढाईचं काय सांगायचे? मी म्हटलं, ते फार बोलत नसत. लोकांनी माना डोलावल्या, चहा आला, विषय संपला. घरी आले तरी तो प्रश्न मनातून जाईना, म्हणून हे तुम्हालाच लिहायला बसले आहे.

कारगिलची लढाई चालू होती तो उन्हाळा आठवतो. जवळा बाजारच्या दोन खोल्यांच्या वाचनालयात मी नुकती कामाला लागले होते आणि जो तो लढाईची पुस्तकं मागत होता. होती ती सगळी फौजेतल्या साहेब लोकांनी लिहिलेली. नकाशे, पदकं, कोणती तुकडी कुठून चालून गेली. तुम्ही तेव्हा सिद्धेश्वरच्या धरणावरची वॉचमनची नोकरी सोडून घरी बसला होता, साखरेनं डोळे अधू झाले होते. विहारातली मंडळी पंधरा ऑगस्टला तुमचा सत्कार करायचा म्हणून विचारायला आली, तर तुम्ही त्यांना दारातूनच सांगितलंत, की एकाहत्तरच्या लढाईत मी स्वयंपाकी होतो, फौजेच्या लंगरात रोट्या भाजल्या, बंदुका चालवणाऱ्यांना बोलवा. माय आतून म्हणाली, "घ्या की एक शाल, त्यात काय जातंय." तुम्ही चपला घालून निघून गेलात.

त्याच पावसाळ्यात नांदेडहून आणलेल्या गठ्ठ्यात ते पुस्तक आलं. कुठल्याशा दूरदेशीच्या साध्या शिपायानं लिहिलेलं, कुणीतरी मराठीत आणलेलं. त्यात नकाशा नव्हता. ओले मोजे, उवा, चिखलात हरवलेला एक बूट, असलंच सगळं. दुपारच्या सुट्टीत घरी येऊन मी तुम्हाला ते वाचून दाखवू लागले. तुम्ही भिंतीला टेकून ऐकता, मध्येच हसता, "आमच्यातबी असाच होता एक," म्हणता. मला बरं वाटतं. मग ते पान आलं. खंदकात बसलेले शिपाई मागून येणाऱ्या जेवणाची वाट पाहतात. अंधारून येतं, जेवण येत नाही, आणि ते स्वयंपाक्याला शिव्या घालत राहतात. तुम्ही सरळ होऊन बसलात. "मंग? आलं का जेवण?" मी पुढं वाचलं. पुढं पहाट होती आणि तोफा होत्या. जेवणाचं पुन्हा नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तेच पान वाचायला लावलंत. त्यानंतरही तेच. पुढचं वाचूच देईनात. एकदा मला राहवलं नाही आणि मी मनचं एक वाक्य घातलं, की इतक्यात मागच्या झाडीतून डबे घेऊन माणसं आली. तुम्ही हात वर करून मला थांबवलंत. मग म्हणालात, "पोरी, लिहिलंय तेच वाच." आणि त्याच आवाजात, जणू धरणात पाणी किती आहे ते सांगावं तसं, तुम्ही सांगितलंत. नाल्यापलीकडच्या चौकीत आपली पोरं होती. तुम्ही पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घेऊन निघालात, पण नाल्यावर तोफगोळे पडत होते. तुम्ही काठावर पालथे पडून राहिलात. उजाडल्यावर पोचलात, तेव्हा खाणारं कुणी उरलं नव्हतं. "उपाशी गेली," तुम्ही म्हणालात. "मला शिव्या देत गेली असतील." मी म्हटलं, बाबा, त्यात तुमचा काय दोष. तुम्ही ते ऐकलं असं मला वाटलं नाही. इतकी वर्षं तुम्ही जे दाबून ठेवलं होतं ते मी आणलेल्या पुस्तकानं वर काढलं, आणि ते पुन्हा कसं मिटवायचं हे मला कळत नव्हतं.

पुढं एका हिवाळ्यात तुम्हाला मेंदूचा झटका आला. हातपाय वाचले, आठवणी विस्कटल्या. हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले, नांदेडचेही म्हणाले, की आता सांभाळायचं. आयुष्यभर घरात ज्यानं चुलीला हात लावला नाही तो माणूस सकाळपासून कणीक मळायला बसू लागला. परातभर पुऱ्या. "काहून एवढं करता, कोण खाणार हाय?" माय विचारते. "पोरं येऊन राहिली," तुम्ही म्हणता. दुपार कलते, कुणी येत नाही, तुम्ही दाराकडं बघून रडता. माय समजावते, मी समजावते, पुस्तक वाचनालयात नेऊन ठेवते. कशाचाच उपयोग होत नाही. माय पुऱ्या शेजारीपाजारी वाटते आणि परत आली की तुम्ही तिला विचारता, "पोचल्या का?"

एका दुपारी मी घरी आले, तर मला बघून तुम्ही उठलात. कुणा पोराच्या नावानं मला हाक मारलीत. "आलास? बस, जेव." मायनं पदर तोंडाला लावला. मी आहे बाबा, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. पाट घेऊन बसले. तुम्ही ताटात पुऱ्या वाढल्यात, माझ्या डोक्यावरून हात फिरवलात. "मीठ बराबर हाय का?"

"बराबर हाय," मी म्हटलं.

मला वाटलं, सुटलं आता सगळं. पण मी हात धुऊन आले तोवर तुमची नजर पुन्हा दाराला लागली होती. बाकीची पोरं अजून यायची होती. थंडी सरायच्या आत तुम्ही गेलात, त्यांची वाट बघतच.

मायला वाटतं, मी त्या दिवशी तुमच्या समाधानासाठी जेवले. मी तिला तसंच वाटू दिलं आहे. पण बाबा, तितक्या मायेनं तुम्ही माझ्याशी आधी कधी बोलला नव्हता, आणि त्या परक्या पोराच्या नावानं मला अजून एकदा हाक मारावी असं मला वाटत होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्याच वेळेला घरी आले. तुम्ही मला ओळखलंत. "तू व्हय," म्हणालात, आणि मला बाजूला सरायची खूण करून माझ्यामागच्या वाटेकडं बघू लागलात.