चार पंचांचं माप

नाना, तुम्ही बांधलेली ती बाराशे मिलिमीटर व्यासाची दाबाची टाकी परवा दुरुस्तीसाठी आपल्या जालन्याच्या शेडमध्ये परत आली. पाटीवर तपासणारी म्हणून माझा शिक्का आहे. आत शिरून रंग खरवडला तेव्हा माप कुठं घ्यायचं त्याच्या खुणा म्हणून तुम्ही पत्र्यावर ठोकलेले चार पंच बोटाला लागले.

तो दिवस मला स्वच्छ आठवतो. आदल्या आठवड्यात मी तुमचा एक शेल, म्हणजे टाकीचं गोल अंग, नापास केला होता. उभा सांधा वेल्ड झाला की पत्रा खेचला जातो, शेल लांबट होतो, मग तो पुन्हा पत्रा वाकवायच्या रोलमध्ये घालून गोल करावा लागतो. तुम्ही फोरमन, मी इंजिनिअर होऊन आलेली तुमची मुलगी, आणि सगळी शेड बघत होती. रोलवाला म्हणाला, "नाना, घरी भाकरीबी हीच पास करती का?" तुम्ही हसला नाहीत. म्हणून या टाकीच्या वेळी तुम्ही आपणहून पंच मारून ठेवलेत, तेव्हा मला वाटलं, राग गेला. "हितं धर, अन् हितं. जल्दी कर, झाकण बसवायचंय." मी समोरासमोरच्या पंचांना मापाची दांडी लावून आतून मोजलं. दोन्ही व्यास सारखे. तुम्ही म्हणालात, "आता बराबर मोजून राह्यलीस." दुपारी तुमच्या डब्यातलं अर्धं धपाटं माझ्या हातावर ठेवलंत. तुमचं ते वाक्य मी नव्या मुलींना वर्षानुवर्षं अभिमानानं सांगत आले.

परवा त्याच पंचांवर मोजलं. तेच माप आलं. मग दांडी फिरवत नेली. एका बाजूला बारा मिलिमीटर जास्त, तिच्या काटकोनात बारा कमी. फरक चोवीस, चालतो फक्त बारा. लांबट शेल लांब आणि आखूड व्यासांच्या मधोमध तिरपा मोजला की दोन्ही मापं सारखी येतात. तुम्ही नेमक्या त्याच जागा निवडल्या होत्या.

तुमचे वेल्डर चाचा हल्ली कुंभार पिंपळगावला मुलाकडे असतात. काल त्यांना गाठलं. त्यांनी चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बेटी, मैं बोल्या था, एक बार और रोल में डालो. नाना बोले, लडकी के हाथ से दुबारा फेल नहीं होना मेरेको."

"म्हणजे शेडमध्ये सगळ्यांना माहीत होतं?"

"तुमको छोडके."

टाकी इतकी वर्षं टिकली म्हणून तुम्ही सुटत नाही. तिच्याभोवती माणसं काम करत होती. आणि मला तुम्ही सगळ्यांच्या देखत आंधळी ठेवलंत, वर शाबासकी दिलीत. ओरडला असतात तर मी सोसलं असतं.

आज अहवाल दिला. टाकी बाद. कारणाच्या रकान्यात लिहिलं: मूळ तपासणी अपुरी, तपासणारी मीच. तुमचं नाव घातलं नाही. ती माफी समजू नका.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून सांगते. दांडी पूर्ण फिरवून मोजायची, हे मला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. त्या दिवशी पंच सोडून माझा हात पुढं सरकायला निघाला होता. तुम्ही शेजारी उभे होता, आणि मी तो थांबवला.