कंपनीला गंडवण्याची माझी मोहीम

१ जुलै
निश्चय! आजपासून कुठल्याही कंपनीला माझ्याबद्दल काहीही कळू द्यायचं नाही. काल स्टाफरूममध्ये भूगोलाच्या ईश्वरप्पांशी गुडघ्यांबद्दल बोललो, घरी येईस्तोवर फोनवर गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात हजर. मला गुडघेदुखी नाही. जिना चढताना आवाज होतो, एवढंच.
यापुढे अटी पूर्ण वाचल्याशिवाय ‘मान्य’ दाबणार नाही. पासवर्डही बदलला. ब्रह्मदेवालाही ओळखता येणार नाही.

२ जुलै
अटी वाचायला घेतल्या. तिसऱ्या पानावर डोळा लागला. कंपनीचा डावच तो. शेवटी मान्य दाबलं, पण निषेध म्हणून जरा जोरात.

५ जुलै
गनिमी कावा सुचला. खोटी माहिती द्यायची! फोनवर शोधलं: उंटाचं दूध, ट्रॅक्टरचे टायर, काश्मीरचे शिकारे. ओळखा आता मी कोण.
मनूची रिपीटर बॅच सुरू. कन्येचा नीटचा तिसरा प्रयत्न. फोन काढून घेतलाय. फक्त टॅब, तोही क्लासच्या ॲपपुरता, माझ्याच मेलवर. दार लावून अभ्यास करते. डॉक्टर होणारच. तिला कधी विचारलंसुद्धा नाही, इतका विश्वास आहे.

९ जुलै
यश! कंपनी पार भंजाळली. उंट नाही, ट्रॅक्टर नाही, जाहिरात आली ओव्हनची. मग केकच्या साच्यांची. मला धड चहा येत नाही! स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवलं. ईश्वरप्पा म्हणाले, सर, बेकरी टाकून राहिले का काय? लई हसलो. मग म्हणाले, घरात कुणाला नाद हाय का बघा की. भूगोलवाल्यांना असले बारकावे कळत नाहीत.

१४ जुलै
क्लासच्या चाचणीत मनूला मार्क कमी. पेपर नीट काढत नाहीत हल्ली.
घरात मैदाही लवकर संपून राहिलाय. सौ. गोदावरी म्हणाली, पाहुणे येतात. कोण ते सांगेना. दुपारी केक खाल्ला. चांगला होता. कुठल्या बेकरीचा, विचारलं. मायलेकी हसल्या.

२२ जुलै
आता हैदराबादचा बेकरी कोर्स, पांढऱ्या टोप्या, मुलींचं हॉस्टेल. म्हणजे कंपनी मला मुलगी समजून राहिली! याहून मोठा विजय कोणता?

३ ऑगस्ट
हद्द झाली. मेल आला: प्रिय मनस्विनी, आपली निवड झाली आहे, पाच तारखेपर्यंत होकार कळवा. मुलीचं नावसुद्धा चोरलं! जेवताना पुरावा म्हणून मोठ्यानं वाचून दाखवला. मनूचा घास हातातच राहिला. घाबरली बिचारी. म्हटलं, भिऊ नको, मी आहे ना. गोदावरीनं विचारलं, किती तारीख म्हणाले? हिला भलतेच तपशील लागतात. दोघींच्या देखत मेल डिलीट केला. हे घर भूकंपात हललं नाही, कंपनी काय हलवणार!

६ ऑगस्ट
संध्याकाळी दोघी समोर येऊन बसल्या. मनू म्हणाली, बाबा, मला डॉक्टर नाही व्हायचं. गेल्या वर्षापासून सांगून राहिले. म्हटलं, कधी? म्हणाली, पहिल्या निकालाला. दुसऱ्या निकालाला. तुम्ही दोन्ही वेळा पुढच्या बॅचची चौकशी करून राहिले होते.
होकार गेलाय. मी डिलीट केलेला मेल गोदावरीनं काल माझ्याच फोनवरून उकरून काढला. पासवर्ड कसा कळला म्हटलं. म्हणाली, मनूचा वाढदिवस. दुसरं काय असणार तुमचं?
लई संतापणार होतो. पासवर्डवरून संतापलो.
सगळ्या जाहिराती मनूच्याच होत्या म्हणे. उंट वाया गेला.

१९ ऑगस्ट
हैदराबादच्या बसचं तिकीट मीच काढलं. ॲपवर अटी आल्या. न वाचता मान्य दाबलं. हळूच.
स्टँडवर मनूला म्हटलं, तो केक चांगला होता. म्हणाली, बाबा, ओव्हन नव्हता, कुकरमध्ये केला होता. खिडकीतून बराच वेळ हात हलवून राहिली. मीपण.

२१ ऑगस्ट
मनूचा टॅब माझ्या मेलवरून निघाला. आता जाहिराती फक्त माझ्या. पहिलीच आली: कानाचं मशीन.
लगेच गोदावरीला दाखवलं. म्हटलं, बघ, ही मात्र कंपनीची शुद्ध चूक.
ती काहीतरी म्हणाली. दोनदा विचारावं लागलं.
म्हणाली, मागवा.