तिखटाचा तपास

४ नोव्हेंबर
आजही जिभेला चटका. नुसता वरणभात खाल्ला तरी. गुन्हेगार उघड आहे: यंदाचं तिखट. स्वयंपाकाच्या छबूबाईंनीच मिरची आणून दळली. संकल्प: आठ दिवस तिखट बंद. यांनी ताटाकडे पाहिलं आणि लोणच्याची बरणी स्वतःकडे ओढली. म्हणजे पटलं.

९ नोव्हेंबर, दुपार
अंगावर मुंग्या चालतात. दिसत एकही नाही. शेजारच्या कपाशीवरची फवारणी असणार. कानात शिटी वाजते, तो मोबाइल टॉवर. खिडक्या बंद केल्या. तब्येत ठणठणीत, आमच्या कळसाडी गावाची हवा बिघडलीय.

१३ नोव्हेंबर
आठ दिवस दूधभात. जीभ तशीच. म्हणजे छबूबाई चोरून तिखट टाकतात. दुधात. विचारलं तर रडल्या. पुरावाच! उद्यापासून येऊ नका म्हटलं. मी शांतपणे बोलले. यांच्या मते गल्लीत ऐकू गेलं.

१४ नोव्हेंबर
खिचडी स्वतः केली. मीठ दोनदा पडलं की तीनदा, आठवत नाही. जीभ जळतेच. टूथपेस्ट बदलणे.

२२ नोव्हेंबर
उपकेंद्रात नर्स प्रिस्किला सिस्टरांचं बायकांसाठी भाषण, विषय मेनोपॉज. शाळेतर्फे आभार मी मानायचे. मला काय त्याचं, सत्तेचाळीस म्हणजे काही वय नाही. पाळी चालू आहे. दोन-दोन महिन्यांनी का होईना.

सिस्टर म्हणाल्या, पाळी पूर्ण थांबायच्या आधीच त्रास सुरू होऊ शकतो. नुसता घाम नाही, कुणाची जीभ जळते, कुणाच्या अंगावर मुंग्या चालल्यासारखं होतं, कानात आवाज, विसरणं, चिडचिड. कारण दुसरंही असू शकतं, म्हणून अंगावर काढू नका, तपासून घ्या.

मी पेन खाली ठेवलं. पुढच्या रांगेतून छबूबाई उठल्या. म्हणाल्या, "सिस्टर, मन्ही जीभ तीन वरीसपाईन जळस."

आभार मानताना सिस्टरांचं नाव आठवेना.

२३ नोव्हेंबर
छबूबाईंच्या घरी गेले. माफीचे तीन मुद्दे पाठ केले होते. दारातच रडू आलं, एकही बोलता आला नाही. त्यांनी चहा ठेवला. शनिवारी दोघी शहाद्याला डॉक्टरीणबाईंकडे जाणार.

विचारलं, तीन वर्षं मला का नाही सांगितलं? म्हणाल्या, "माले वाटनं, तुम्ही सायन्सन्या मॅडम, तुमले मालूमच व्हई."

दहावीचा तो प्रजननाचा धडा मी बावीस वर्षं "घरी वाचून या" म्हणून सोडत आलेय. मी तरी कुठे वाचला!