उघड्या दाराचे आकडे

१८ जानेवारी

माय, फार दिवसांनी लिहितेय, रागावू नकोस. तू गेल्यावर सुरुवातीला खूप लिहायचे, मग पॉलिटेक्निकची नोकरी, मुलं, आणि आता या वयात पुन्हा शिक्षण. तू विचारलं असतंस, नेमकं शिकतेस तरी काय? यंत्र, वीज, संगणक आणि माणसांचं काम हे सगळं एकत्र धरून एखादी व्यवस्था कशी चालते, ते. माझा विषय मिरची सुकवण्याचा. तू मजुरीला जायचीस त्या पथारीवर, मिरची वाळवायच्या उघड्या मैदानात, अवकाळी पावसाने मिरची काळी पडायची. म्हणून मी बंद खोली आखली. आत गरम हवा, पंखे, ओलावा मोजणारी यंत्रं.

पथारीवरून आलीस की तू आधी हात ताकात बुडवून बसायचीस. मी बिलगायला आले की तू कोपराने लोटायचीस. "जोडे येऊ नको, मन्हा हात तिखा शेतस." हाताचं तिखट मला लागू नये म्हणून जवळ येऊ देत नाहीस, हे तेव्हा कळायचं नाही, तुझा राग यायचा.

धानोऱ्याजवळ एका व्यापाऱ्याच्या पथारीवर खोली उभी आहे. मिरची पालटायला बायका आत जातात. पंखे थांबवले तर ऊब मोडते, म्हणून ते चालूच असतात आणि मिरचीची तिखट धूळ थेट नाकातोंडात जाते. बायकांनी दाराला वीट लावून ते उघडं ठेवलं. मिरची वाळण्याचे आकडे कोसळले. मी वीट काढायला सांगितली, तेव्हा त्यांच्यातली वयाने मोठी बाई तोंडावरचा फडका सोडून म्हणाली, "ताई, तुन्ही मिरची वाळनी, पन आम्ही बी वाळी जासूत." सगळ्या हसल्या, मीही हसले. वीट मात्र तिथेच राहिली.

माझे मार्गदर्शक माझ्याहून लहान आहेत, हुशार आहेत, वाईट मुळीच नाहीत. त्यांचं म्हणणं, दार उघडं असतानाचे आकडे हा चाचणीतला व्यत्यय, ते काढून टाका. ठेवले तर खोली उन्हापेक्षा फारशी सरस ठरत नाही, आखणी नव्याने करावी लागेल, आणि माझ्या नोंदणीची मुदत याच सत्रात संपते. मी म्हटलं, आपण माणसं धरूनच व्यवस्था शिकतो ना? ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, कुठेतरी रेषा ओढावीच लागते. त्या बायका रेषेबाहेर आहेत."

आज दुपारी मी ते आकडे काढले. आलेख इतका देखणा उतरला की बघतच राहिले. परवा समितीपुढे उभं राहायचंय. श्वास घ्यायला उघडलेलं दार व्यत्यय कसं, असं मनात येतं, आणि लगेच वाटतं, हे मी त्यांच्यासाठी म्हणतेय की तुझ्या नजरेत चांगली ठरावं म्हणून? पदवी मला हवी आहे, माय. फार हवी आहे.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून एक सांगते, जे सरांनाही सांगितलेलं नाही. पालटणी चालू असताना त्या खोलीत मी एकदाही थांबलेले नाही. बाहेरून, काचेतून बघत होते.

उद्या: काढलेले आकडे परत भरणे.